रोज एक चूक करणारे सर

आमचे सर रोज एक चूक करत, आणि ती ठरवून करत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "मी प्रत्येक तासात एक गोष्ट चुकीची सांगणार आहे. ती पकडायची. ज्याला सापडेल त्यानं माझ्या खुर्चीवर बसायचं, मी त्याच्या जागेवर बसेन." आम्ही ते वाक्यही वहीत उतरवून घेतलं.

त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण आठवड्याच्या आत ते सगळ्यांचे 'चुके सर' झाले. जळगावात कॉलेज नवीनच निघालं होतं. पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाची तोंडओळख आणि थोडं तर्कशास्त्र असे. ते इंग्रजीत सुरू करत आणि समोरचे चेहरे पाहून पाच मिनिटांत मराठीवर येत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कॉलेज पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या तर नव्हतंच. मोठ्यांना उलट बोलू नये, एवढं एकच शास्त्र आम्ही घरून शिकून आलो होतो.

महिनाभर एकही चूक पकडली गेली नाही. मग सरांनी सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवून म्हणाले, "इतक्या सुंदर अक्षरात इतक्या चुका मी जन्मात पाहिल्या नव्हत्या." वर्ग हसला. ते हसले नाहीत. "दारावर नंदीबैल येतो, तोही मान हलवतो. म्हणून त्याला कुणी बी. ए. करत नाही."

पहिली चूक पकडली ती यावलकडच्या एका केळीवाल्याच्या मुलानं. सर सांगत होते, "पाणी मिळालं नाही तर केळीची पानं पिवळी पडतात. या केळीची पानं पिवळी आहेत. म्हणून हिला पाणी मिळालेलं नाही." तो बिचारा बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी त्याला राहवेना. "ओ सर, पाणी जास्त झालं तरी पिवळीच पडतात! तुमचं ऐकून अजून पाणी दिलं तर बाग जाईल ना माझी!" सर इतके खूश झाले की खडू टाकून थेट त्याच्या बाकावर येऊन बसले. तो मात्र खुर्चीच्या कडेवर, कुणी उठवील या भीतीनं बसला होता.

मला चुका सापडू लागल्या होत्या, पण उभं राहणं जमत नसे. तास संपला की मी व्हरांड्यात सरांना गाठून हळूच सांगत असे. दोनतीनदा त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या कानात सांगून काय उपयोग? चूक मी चारचौघांत केली, तूही चारचौघांत सांग." मी होय म्हणालो आणि पुढच्या वेळी पुन्हा व्हरांड्यातच थांबलो.

परीक्षेला महिना उरला असताना बक्षीस समारंभ झाला. संस्थेचे अध्यक्ष जिनवाले होते; कापसातली सरकी काढायचा कारखाना त्यांचा. भाषणात ते म्हणाले, "जो कष्ट करतो तो वर येतोच. म्हणजे जो वर आला नाही, त्यानं कष्ट केले नाहीत. साधं तर्कशास्त्र आहे. काय हो, सर?" सरांनी मान हलवली नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "विद्यार्थ्यांना काही विचारायचं असेल तर विचारा."

मी कसा उभा राहिलो ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हणालो, "साहेब, तुमचं दुसरं वाक्य पहिल्यातून बरोबर निघतं. पण पहिलंच खरं नाही."

"कशावरून?"

"माझे वडील तुमच्याच जिनमध्ये चौदा वर्षं गाठी उचलतात. कष्टच करतात. ते वर आलेले नाहीत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी माफीपत्र लिहूनच ठेवलं होतं. "उद्या सकाळपर्यंत सही करून आण. नाहीतर नाव कमी होईल. परीक्षेला बसता येणार नाही."

मला सही करायची होती. खोटं कशाला सांगू? आमच्या घरातला मी पहिला मॅट्रिक. वडील भडगावकडून जिनच्या कामासाठी जळगावात आले, मेहरूणला एका खोलीत राहिले, त्यात मला शिकवलं. हे सगळं एका सहीवर होतं.

संध्याकाळी वडीलच म्हणाले, "चाल, सरकडे जाऊ." दारात उभे राहून त्यांनी हात जोडले. "राम राम, चुके सर." त्यांना ते आडनावच वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र म्हणाले, "राम राम, भाऊ. मीच तो. या, बसा." सरांच्या पत्नी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

वडिलांनी एकच गोष्ट विचारली, "पोऱ्या खोटं बोलना का?"

"नाही."

"उद्धट बोलना का?"

"नाही. विचारा म्हणाले, तेव्हाच बोलला. पण भाऊ, त्याला बोलायला मी शिकवलंय. आणि तुमचं काम त्यांच्याच जिनमध्ये आहे. त्याचा विचार तुम्ही करा, तो मी करू शकत नाही."

वडील जरा वेळ तळहात चोळत राहिले. मग म्हणाले, "बठ्ठा जिनमा कापूस पांढराच शे." म्हणजे सगळ्याच जिनमध्ये कापूस पांढरा, काम कुठंही मिळेल.

सरांनी ते माफीपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि टाक दिला. "मी काही सांगणार नाही. वाच. जे खरं नाही ते खोड. जे खरं आहे ते ठेव. उरेल त्यावर सही कर."

'मी उद्धटपणे बोललो.' खोडलं. 'मी बोललो ते असत्य होते.' खोडलं. 'मला चिथावणी देण्यात आली.' इथं मी सरांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. खोडलं. 'मला पश्चात्ताप होत आहे.' हात थांबला. भीती होती, पण भीती म्हणजे पश्चात्ताप नव्हे. तेही खोडलं. 'माझ्या बोलण्याने अध्यक्षमहाराजांस दुःख झाले.'

"सर, हे तर खरं आहे."

"मग राहू दे."

तेवढ्या एका वाक्याखाली मी सही केली.

संस्थेच्या कमिटीत त्या कागदावर काय झालं कोण जाणे. निकाल एवढाच कळला की मुलगा पोरसवदा आहे, त्याला परीक्षेला बसू द्यावं. मात्र सरांची नेमणूक पुढं चालू ठेवू नये. पंधरवड्यात वडिलांनाही जिनमधून काढलं. ते दुसऱ्या जिनमध्ये लागले.

सर धुळ्याच्या मोटारीनं निघाले तेव्हा मी वळकटी उचलायला गेलो होतो. तिथल्या एका हायस्कुलात त्यांना काम मिळालं होतं. मी म्हणालो, "सर, हे सगळं माझ्यामुळं झालं." वर्षभरात पहिल्यांदाच ते माझ्यावर रागावले. "माझ्यामुळं म्हणू नकोस! नोकरी माझी होती, तिचं काय करायचं ते तुला टाक दिला तेव्हाच मी ठरवलं. तुझ्या वडिलांनी त्यांचं ठरवलं. तू तुझं ठरवलंस. आमचा वाटा कशाला लाटतोस?" मोटार सुटली तरी ते खिडकीतून माझ्याकडे रागानंच बघत होते.

जूनमध्ये पुढच्या वर्षाचे अर्ज भरायला गेलो. कारकून म्हणाला, "तत्त्वज्ञान लिहू नको. शिकवायला कुणी नाही, आणि त्यानं पोटही भरत नाही. अर्थशास्त्र लिही."

मी तत्त्वज्ञान लिहिलं. माझ्या मागच्यानं माझ्या कागदात डोकावलं आणि त्यानंही तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत नऊ अर्ज झाले. नऊ जणांना नाही म्हणणं कमिटीला जमलं नाही. नव्या प्राध्यापकासाठी जाहिरात द्यावी लागली.

नवे सर अजून आलेले नाहीत. आम्ही नऊ जण रोज अकरा वाजता त्या खोलीत जाऊन बसतो आणि भांडतो. आवाज ऐकून शिपाई किल्ल्या वाजवत येतो, रिकाम्या फळ्याकडे बघतो आणि म्हणतो, "सर कुठे आहेत? मला कुलूप लावायचंय."

आम्ही सांगतो, "तास चालू आहे."