सूर्यास्ताआधीचा पेला

कॉलेजात असताना बेळगावच्या कॅम्पातल्या एका थिएटरला सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागत. तिथं आम्ही दोघांनी तो गुप्तहेराचा सिनेमा पाहिला. मी खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझा मित्र निपाणीच्या जैन तंबाखू व्यापाऱ्याचा. हॉस्टेलवर आमची खोली एक होती.

त्या सिनेमातल्या मारामाऱ्या मला आता आठवत नाहीत. आठवतं ते त्या माणसाचं पिणं. उंच दांड्याचा, वर पसरट होत गेलेला काचेचा पेला, त्यात पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी आणि तळाशी काडीला टोचलेलं एक हिरवं फळ. सबंध सिनेमाभर तो पीत होता, पण एकदाही झोकांडी गेली नाही. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. एका मेजवानीत तर त्यानं नुसता वास घेऊन यजमानाला सांगितलं, ही बाटली तुम्ही समजता ती नव्हे.

"आमचे आण्णा तंबाखूचा असाच वास घेतात बघ," मित्र अंधारात माझ्या कानाशी म्हणाला. "चिमूटभर तळव्यावर चोळली की कुठल्या रानातली ते सांगतात."

आमच्या गावात दारू पिणारा म्हणजे बसस्टँडच्या मागं पडलेला माणूस. मित्राच्या घरात तर तो शब्दही निघत नसे. दारू अशी घेता येते, नीटनेटकी, शुद्धीत राहून, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आपण एकदा करून बघू, असं मी म्हणालो. तो नाही, मी. हे मला आधी लिहून टाकायचं आहे.

गोव्याच्या एका वर्गमित्राकरवी जिनची बाटली मिळाली. तसले पेले काही मिळाले नाहीत, आइस्क्रीमचे आणले. सिनेमातलं ते हिरवं फळ कसलं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी आईकडून मिठाच्या पाण्यात मुरवलेली कच्ची करवंदं आणली. मित्रासाठी हवीत म्हटल्यावर तिनं वेगळी बरणी भरून दिली.

"त्यास्नी कांदा-लसूण चालत न्हाय न्हवं? नुसत्या मिठातली दिल्यात. पोटभर खाऊ दे त्याला."

त्या करवंदाला टाचणी टोचून मी ते पेल्यात सोडलं.

मित्राची एकच अडचण होती. सूर्य मावळल्यावर तो काही खात नसे, पाणीसुद्धा गाळून पिणारा. "दारू न्हाईच चालत लेका, पण रातच्याला तर अजिबात न्हाय," तो म्हणाला. मी हसलो. "मग दिवसा घे की! निम्मं पाप वाचलं." गंमत म्हणून बोललो होतो. त्यानं ते नियमासारखं धरलं. दुपारी तीनला आम्ही प्यायलो, आणि सूर्य मावळायच्या आत त्यानं मेसमध्ये जाऊन शांतपणे भाकरी खाल्ली.

मला त्या पेयाची चव आवडली नव्हती. आवडलं होतं ते पेला धरणं, म्हणून कॉलेजभर ते चालू राहिलं. पुढं बेळगावातच उद्यमबागेत एका फौंड्रीत नोकरी लागली, लग्न झालं, माझं सगळं सुटलं. तो निपाणीला वडिलांच्या वखारीत बसू लागला. त्याचं सुटलं नाही. जिन गेली, मिळेल ते आलं. पण वेळ तीच, भर दुपारची. दिवस मावळायच्या आत तो घरी पाटावर बसलेला असे. रात्री कधी घराबाहेर नाही, म्हणून सगळ्या गल्लीत त्याचं कौतुक. वखारीत तंबाखूचा एवढा घमघमाट, की त्यात त्याच्या तोंडाचा वास कुणाला येणार, असं तोही म्हणे आणि मलाही पटे. आई दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी बरणी भरायची. मी ती पोचवायचो.

तीन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली. बेळगावला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी आण्णांना विचारलं, "दारू घेतात का?"

"आमच्यात?" आण्णा ताठ झाले. मग माझ्याकडं वळले. "ह्यो कॉलेजपास्नं त्याच्यासंगं हाय. सांग रं, बाळ."

त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याही माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "नाही डॉक्टर. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही."

सुपारीचं मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. "घेत असतील तर आजपासून थेंबही चालणार नाही. लक्ष ठेवा," एवढंच म्हणाले. पण न पिणाऱ्या माणसावर लक्ष कोण ठेवणार? घरच्यांनी नंदगडच्या बाजूला कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध देतं तिकडं नेलं. त्याआधी वॉर्डात आम्ही दोघंच असताना त्यानं पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघून हात दाबला.

"वाचवलंस लेका."

दोन महिन्यांनी त्यानं परत सुरू केलं. मला ठाऊक होतं. गेल्या दिवाळीनंतर तो गेला.

तीन महिने मी धड झोपलो नाही. एका रविवारी निपाणीला गेलो. आण्णा घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, सिनेमापासून दवाखान्यापर्यंत. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, हाकलून काढावं, असं मनात धरूनच गेलो होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वास येत हुता."

त्यांनी मागल्या दारातून वखारीकडं बघितलं.

"सा-सात वर्सं येत हुता. डॉक्टरांसमोर तुला विचारलं, कारण माझ्या तोंडातनं निघंना. तू व्हय म्हणशील असं वाटलं. न्हाय म्हणालास, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "सुनेला सांगू नगोस. तिचं तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

मी होकाराची मान हलवली.

वहिनी चहा घेऊन आल्या. तो ठेवून आत गेल्या आणि दवाखान्याची फाईल घेऊन परत आल्या. "भावजी, तुमी इंग्लिश वाचतासा. ह्यात त्यांच्या नावाफुडं मद्यपान लिवलंय म्हनं. दुसऱ्या कुनाचा कागद लागलाय काय बघा की. मी तक्रार करणार हाय."

कागदावर नाव त्याचंच होतं. वयही त्याचंच. आण्णा माझ्याकडं बघत होते, दवाखान्यात बघितलं होतं तसेच. 'हा कागद त्याचा नाही' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते.

"कागद बरोबर आहे, वहिनी," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. फाईल त्यांनी माझ्या हातून काढून घेतली. "घरात कुनाला म्हाईत हुतं?"

कुणालाच नाही, एवढंच म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही. मी खाली बघत राहिलो. त्या सासऱ्यांकडं वळल्या.

"आण्णा?"

आण्णा काठी टेकत उठले आणि मागल्या दारानं वखारीकडं निघून गेले. वहिनी त्या दाराकडं बघत उभ्या राहिल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमी आता निघा, भावजी."