पाटीला हात न लावता

मी माझ्या मुलीकडून एक खोटं वाक्य वदवून घेतलं. चारचौघांत, कानाखाली मारून. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही नाही. मुलीनंही कधी सांगितलं नाही.

उदगीरच्या एका आडत्याची ओसरी. सकाळची वेळ. वर सतरंजीवर आडत्याचा राजू, सात वर्षांचा, शेजारी त्याची धाकटी बहीण. समोर कडेला पोत्यावर मी, त्यांचा मास्तर. आणि पायरीखाली, उन्हात, माझी कांता. सहा वर्षांची. तिची आई रोजगार हमीच्या कामावर जायची, घरी बघायला कुणी नाही, म्हणून मी सोबत आणायचो.

राजूनं गणित सोडवून पाटी माझ्याकडं वळवली. सतरा पोती आणि आठ पोती, एकूण चोवीस.

"परत मोज," मी म्हणालो.

"परत कशाला? बरोबर हाय."

पाटी माझ्या हातात यायची नाही. पहिल्याच दिवशी तसं ठरलं होतं. पोरांनी पाटी उभी धरायची, मी दोन हातांवरून वाचायची, चूक तोंडानं सांगायची. सहा महिने मी असा शिकवत होतो. कांताला हे काय माहीत? ती पायरी चढली. राजूच्या हातातून पाटी घेतली, बोटाला थुंकी लावून चोवीस पुसलं, पंचवीस लिहिलं. वर म्हणाली, "आसं आसतंय बघ."

आतून आडत्याची बायको आली. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिनं पाटी पायानं लोटली. पायरीवर पडून पाटी फुटली. दुकानातले दोन हमाल बघत उभे राहिले.

"मास्तर, तुला ओसरीवर घेतलं तितंच आमचं चुकलं. आता तुझी पोर आमच्या लेकराला अक्कल शिकवायली."

मी हात जोडले. "लेकरू हाय, अक्का. चुकलं तिचं."

"काय चुकलं ते तिला बोलू दे."

कांता माझ्याकडं बघत होती. मी तिच्या कानाखाली मारली. म्हणालो, "म्हण, मला काही येत न्हाई."

"पंचवीसच होतंय ना, आण्णा."

दुसरी मारली.

"मला काही येत न्हाई," कांता म्हणाली.

राजू हसला. अक्का आत गेली. मी राजूला पुढचं गणित घातलं.

मारलं ते मारलं. पण मी पुढचं गणित घातलं.

आम्ही मांग. मी डी.एड. झालेला, नेमणुकीची वाट बघत बसलेला. लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्यांत कारकून लागत होते, उदगीरचे शिकवण्या घेणारे दोघं तिकडं चिकटले. पावसानं दुसरं वर्ष पाठ फिरवलेली. शाळेतला आड आटला, टँकरचं पाणी एका लोखंडी पिंपात भरून ठेवायचे, आणि सगळ्या वस्त्यांची पोरं एकच डबडं त्यात बुडवायची. अक्कानं त्याच आठवड्यात आपली पोरं शाळेतून काढून घरी बसवली. मास्तर मिळेना. आडत्या म्हणाला, "मांगाचा हाय, पण हुशार हाय. ओसरीवर बसंल."

बसलो.

त्या कामाचा मला गर्व होता, हेही सांगून टाकतो. राजूला सरकारी पुस्तक उतरत नव्हतं. मी पुस्तक बाजूला ठेवलं. दुकानातला तराजू घेतला. तुरीचे, हरभऱ्याचे, करडईचे ढीग मांडले. अक्षरं त्याला पोत्यांवरच्या नावांतून शिकवली. लेकरू ज्या घरात वाढतं त्या घरातनंच त्याचा अभ्यास काढायचा, हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. मी शोधून काढलं. आडत्याच्या पोरासाठी.

त्या सकाळनंतर मी कांताला आमच्या वस्तीजवळच्या शाळेत घातलं. तिथं तिला काहीही विचारलं की एकच उत्तर. मला काही येत न्हाई. महिन्याभरात तिथल्या मास्तरांचा निरोप आला, पोरगी मंद आहे, पुढल्या वर्षी बघू.

बायकोला मी सांगितलं, "तिथं नीट शिकवत न्हाईत. मी घरीच शिकवतो." खरं कारण गिळलं.

उदगीरहून आलो की दुपारी कांताला पुढ्यात बसवायचो. जे राजूला जमलं तेच तिला. तूर मांडली, हरभरा मांडला. तिनं दाणे बघितले, सगळे ओंजळीत गोळा केले आणि आईच्या पदरात नेऊन टाकले. शिजवायला. आमच्या घरी डाळ रोज कुठली?

बायको पदर सावरत म्हणाली, "त्या पोराला त्याच्या घरातलं शिकवलंत. हिला बी त्याच्याच घरातलं शिकवता व्हय?"

आमच्या घरात काय होतं? घायपाताचा वाख होता. दोर वळायचं काम होतं. बायको हमीवर खड्डे खांदत होती. मग तेच घेतलं. दोराचे पदर मोजायचे. दोराला दर फुटाला गाठ मारायची आणि सगळं घर मोजायचं, शेळी मोजायची, आण्णाला मोजायचं. शेळीच्या मापाला कांता हसली. कित्येक दिवसांनी हसली. पोरगी पुढं पळायला लागली. पण तोंडानं बोलायची नाही. मला बोटं दाखवायची, आईच्या कानात सांगायची.

एक दिवस मी तिला घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेलो. मापावर मजुरी ठरायची, म्हणून मुकादम टेप लावून बायकांचे खड्डे मोजत होता. आमच्या खड्ड्याला टेप नुसती दाखवली आणि म्हणाला, "दहा फूट."

कांता आधीच गाठींचा दोर धरून खड्ड्यात उतरली होती. वर आली, आईच्या कानाला लागली.

बायको ओरडली, "बारा हाय! माझी लेक बारा म्हन्तीय!"

"कोण लेक?" मुकादम वळला. "ये की हिकडं, विंजिनेरबाई. बोल, किती हाय?"

बायका हसल्या. मग सगळ्या कांताकडं बघू लागल्या. दोर तिच्या हातात होता. बाराव्या गाठीवर अंगठा दाबून धरलेला. मी चार पावलांवर उभा होतो.

तिनं मुकादमाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"मला काही येत न्हाई," ती म्हणाली.

मुकादमानं दहा लिहिलं.

"आगं, आत्ताच तर सांगितलीस की मला," बायको तिला म्हणत होती. "का गं आसं करतीस?" तिला कळेना. मला कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच उदगीरला गेलो. पोत्यावर बसलो नाही. राजूनं पाटी उभी धरली. मी हात पुढं केला.

"दे हिकडं."

राजूनं आत हाक मारली. अक्का आली.

"पाटी हातात मिळंल तर शिकवतो," मी म्हणालो.

"नवा जिल्हा झाला म्हनून मानसं नवी झाली व्हय रे मास्तर?"

"न्हाई झाली, अक्का. म्हनूनच जातो."

उतरून चालायला लागलो. पाठीमागून काय काय ऐकू आलं ते लिहीत नाही. पण हा नकार मी दिला तेव्हा कांता तिथं नव्हती. मान खाली घातली तिच्या देखत, मान वर केली तिच्या पाठीमागं.

दोन वर्षं ती घरीच शिकली. कामाच्या हजेरीपटावरची वस्तीतली नावं वाचून अक्षरं पक्की केली. पुढं माझी नेमणूक झाली, ती शाळेत गेली. लेखी परीक्षेत पहिली. तोंडी परीक्षेत शून्य. दहावीपर्यंत असंच. मी प्रगतिपुस्तकावर सही करत राहिलो.

आता ती नायगावला असते. गेल्या महिन्यात आली. तिची मुलगी सहा वर्षांची आहे.

"आण्णा, पोरगी वर्गात तोंडच उघडत न्हाई. एक वरीस घरीच शिकवू का? कोणतं पुस्तक घेऊ?"

वीस वर्षं मास्तरकी केली. या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो. मी म्हणालो, "पुस्तक मागनं बघू. तिच्यासमोर तू काय बोलतीस, ते आधी सांग."

कांता हसली. "मी काय बोलनार, आण्णा? मला काय येतंय?"

तिची पोर मांडीवर बसून ऐकत होती.

येत्या रविवारी मी नायगावला जाणार आहे. तिचा नवरा, सासू, शेजारपाजारी, सगळे असताना बोलणार आहे. तिच्या मुलीला समोर बसवून बोलणार आहे. माफी मागणार नाही. इतकी वर्षं गप्प राहून तिनं मला झाकलं, आता माफ करायचं कामही तिच्यावर टाकायचं नाही. तिनं दार लावलं तर दाराबाहेरून सांगेन. तिनं दोन कानाखाली मारल्या तर खाईन आणि बोलत राहीन.

पंचवीस बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी तुला मारलं, कारण मी भ्यालो होतो. एवढं तिला चारचौघांत सांगायचं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.