कचरीची मालकीण

फोन केरळातून आला होता. एलियाम्मा सिस्टरच्या भाचीचा. "मौसी गयी," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. अंगणवाडीतली पोरं समोर खिचडीला बसली होती, त्यांना वाढता वाढता मी डोळे पुसत होते. त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या मोखाड्याच्या पाड्यांवर, दवाखान्यातली नर्स म्हणून, सिस्टरनं उभं आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर ती आपल्या गावी गेली. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात नावांपासूनच करायला हवी, कारण तिला नावांचा भारी नाद.

दवाखान्यात कुणी आलं की आजार नंतर, नाव आधी. आमच्याकडं जन्मवारावरून नाव ठेवायची जुनी रीत. तेव्हा "बुध्या? म्हणजे बुधवारी आला!" असं म्हणून ती अशी खूश व्हायची, जसं काही तिनंच त्याच्या आईला बाळंत केलं. कधीकधी खरंच तिनंच केलेलं असायचं. तिच्या स्वतःच्या नावाचं मूळ फार लांबचं, ज्यूंच्या जुन्या भाषेतलं. अर्थ, देवाची शपथ. पण ती म्हणायची, "आमच्या घरात अर्थ कोण विचारतो? पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, दुसरीला आईच्या आईचं. मी दुसरा. म्हणून आजीचा नाव माझा." मराठीतली लिंगं तिला शेवटपर्यंत वश झाली नाहीत.

माझी पहिली दोन बाळं गेली होती. तिसरी मुलगी झाली ती मुठीएवढी, रडायचंही बळ नसलेली. सासूबाई तिला फडक्यात गुंडाळून तडक सिस्टरपुढं उभ्या राहिल्या. "शिस्टरबाय, ही पोर तू इकत घे. आमच्या हातान टिकत नाय. सूपभर नागली दे न् घे." मूल जगत नसेल तर ते परक्याला विकायचं, नावही टाकाऊ ठेवायचं, म्हणजे कुणाची नजर त्याच्यावर पडत नाही, ही आमची रीत. आणि सिस्टरहून परकं या डोंगरात दुसरं कोण मिळणार? नाव सासूबाईंनी ठरवूनच आणलं होतं… कचरी.

सिस्टर भडकली. "एवढा सुंदर बेबी कचरा कसा?" सासूबाई शांत. "सुंदर हाये म्हनूनच." मी दवाखान्यातल्या खाटेवरून बघत होते. वाटलं, आता ही हाकलून देणार. पण सिस्टर बाळाचं फडकं सारखं करत म्हणाली, "आम्ही संताचं नाव देतो, म्हणजे कुणीतरी राखण करेल. तुम्ही पोर लपवता. भीती एकच आहे." दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून नागली, म्हणजे नाचणी, आणली. सूप कुठलं असणार तिच्याकडं! इंजेक्शनं ठेवायचा स्टीलचा ट्रे शिगोशीग भरून तिनं सासूबाईंपुढं धरला. सासूबाईंनी दाणे चिमटीत घेऊन पारखले आणि सौदा पटला.

मग मात्र सिस्टरनं आपला हिसका दाखवला. "आता मालकीण मी. माझा माल मी सांगेन तसा ठेवायचा. मध चाटवायचा नाही. चुलीच्या धुरात ठेवायचा नाही. आईच्या उघड्या छातीवर, कातड्याला कातडं लावून." एरवी सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नसतं. पण विकलेल्या वस्तूवर आपला हक्क नसतो, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. शेजारणी मधाचं बोट घेऊन आल्या की सासूबाईच दारात आडव्या व्हायच्या, "आमची नाय ती, शिस्टरबायची हाये." सिस्टर पाड्यावर यायची ती ओरडतच, "माझा माल कसा आहे?" माल माझ्या छातीवर झोपलेला असायचा. हळूहळू तो दूध ओढायला लागला, मग रडायला, मग घर डोक्यावर घ्यायला. रीत खरी की औषध खरं, हा वाद त्या दोघींनी कधी घातलाच नाही. मीही घालत नाही. माझी मुलगी जगली, मला तेवढं पुरे आहे.

शाळेत गुरुजी म्हणाले, कचरी काय, हजेरीत नाव 'कविता' लिहू या. मला पटलंही होतं. पण मालकिणीला विचारायला हवं ना! सिस्टरनं साफ नकार दिला. "ज्या नावानं जगला, तोच राहू दे." पुढं वसतिगृहातल्या मुली नावाला हसल्या तेव्हा कचरीनं चिडून केरळला फोन लावला होता. काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही, पण नाव बदलायची भाषा पुन्हा केली नाही. आज ती जव्हारला नर्स आहे.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. सिस्टरसाठी चाळीस दिवसांनंतर करतात ती प्रार्थना झाली होती. कचरी सुट्टीवर घरीच होती, म्हणून फोन मी दोघींच्या मध्ये ठेवला. भाची म्हणाली, रोज संध्याकाळी दिवा लावून मावशी घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची. मुलं, नातवंडं, परदेशी गेलेले, सगळे. आणि शेवटी एक नाव, जे आमच्या घरात कुणाचंच नाही. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडच्या कुणा संताचं असेल. ती गेली तरी आम्ही अजून घेतो, तोंडात बसलंय… "ये कचरी कौन है?"

माझ्याआधी कचरीच फोनवर वाकली.

"मैं हूँ," ती म्हणाली.

पलीकडं भाची त्यांच्या भाषेत मोठमोठ्यानं हाका मारून घरातल्या सगळ्यांना फोनजवळ बोलावू लागली.