नानाचं पितळी नळकांडं

माणूस गेला की त्याचे किस्से कमी व्हायला पाहिजेत. उलट डोक्यात वाढतातच! धरणगावच्या कापसाच्या जिनमध्ये मशीनचा पट्टा तुटला की आम्ही सरकीच्या ढिगावर टेकायचो आणि कोणीतरी म्हणायचं, "बाळू, तुझ्या नानाचा एखादा सांग ना!" आता कोणी म्हणत नाही. माझ्याकडे बघतात आणि पट्टा जोडायला उठतात. म्हणून इथं सांगतो. शाळा चौथीत सुटली, जमेल तसं सांगतो.

*

नाना माझा मोठा भाऊ. मुंबईच्या कॉलेजात पास झाला, स्कॉलरशिप मिळवली आणि समुद्राचं शास्त्र शिकायला नॉर्वेला निघाला. आमचे वडील, आबा, म्हणाले, "आपली गिरणा उन्हाळ्यात कोरडी, आणि तू समुद्र शिकणार?"

नाना म्हणाला, "गिरणेला पाणी असतं तर घरीच शिकलो असतो ना, आबा!"

*

तिथं समुद्र डोंगरांमधून आत शिरलेला. फिओर्ड म्हणतात त्याला. सातपुड्याच्या दऱ्या काठोकाठ पाण्यानं भरल्या तर दिसेल, तसं. पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांना बोटीवर नेलं आणि नानाला उलटी झाली. थेट पाण्यात! प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "पाण्याचा नमुना आता दुसऱ्या बाजूनं घ्या."

*

मध्ये एकदा सुट्टीवर आला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिकडे मासे खात असेल म्हणून माय त्याला चुलीजवळ बसू देईना.

"खरं सांग, मासा खास का तू?"

"नही माय. मोजस फक्त!"

मायनं थोडा विचार केला. "मंग हात धुई ये."

*

मी त्याला विचारलं, पोहायला तरी येतं का? म्हणाला, नाही. तिथल्या कोळ्यांनाही येत नाही. पाणी इतकं गार, की पोहणारा माणूस फक्त जास्त वेळ कुडकुडतो!

जिनमध्ये या किश्श्यावर सगळ्यात जास्त हसायचे. मीपण.

*

त्याच सुट्टीत त्यानं शेतातल्या विहिरीत तिकडून आणलेलं एक जुनं पितळी नळकांडं सोडलं. दोन्ही टोकांना झाकणं. उघडंच खाली सोडायचं, तळाशी गेलं की दोराला हिसका द्यायचा. झाकणं बंद, आणि तिथलंच पाणी वर येतं. अर्धा गाव जमला. वरचं पाणी कोमट, तळाचं गारेगार! मग नाना सांगायला लागला. फिओर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठ्यासारखा खडक असतो. वरचं पाणी समुद्रात जातं-येतं. खालचं उंबरठ्याआड वर्षानुवर्षं बसून राहतं.

माय पदर सावरत म्हणाली, "म्हणजे मन्हासारखं, उंबरठाआड!"

सगळे हसले. जाताना ते नळकांडं तो मायजवळच ठेवून गेला.

*

थंडीत तार आली. बोट उलटली. बाकीचे सापडले. नाना नाही.

गुरुजी म्हणाले, देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. तार आल्यापासून आबा अंथरुणावरच. पोराचं एवढं कार्य डोळ्यांदेखत व्हावं, दुसरं काही मागत नव्हते. मायनं एकच विचारलं, "पुतळाले आंघोळ?"

"नाही हो अक्का. गवत भिजलं तर पेटायचं कसं?"

"मंग नही. बिनआंघोळना जाई का मन्हा पोऱ्या?"

गुरुजी परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. शेवटी मी ओरडलो, "तो मेला, माय! मेला!" आणि हंड्याला लाथ घातली.  सांडलेलं पाणी मायनं पोतेऱ्यानं टिपलं.

*

आता शेवटचा. हा मी जिनमध्ये सांगितलेला नाही.

एका सकाळी माय म्हणाली, "ते नळकांडं काढ." चुलीवर आंघोळीचं पाणी तापवलं, हंडा डोक्यावर घेतला आणि मला विहिरीवर नेलं. मी नळकांड्यात पाणी ओतणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला. हंड्यात कोपर बुडवून पाहिलं.

"जास्त ऊन शे. गार टाक. चटका लागी त्याले."

मी गार पाणी घातलं. तिनं पुन्हा कोपर बुडवलं, मान हलवली. नळकांडं भरलं, झाकणं लावली, दोर सोडत गेलो. तळ लागला. दोर सैल पडला.

"माय, वढू का?"

"नको. दोरबी सोडी दे."

मी सोडला.

मायनं हंडा काखेत घेतला. मग म्हणाली, "हात धुई ले. गुरुजीले बलाव."