हिटलर सरांनी दिलेले चार मार्क

“आता आपले लाडके हिटलर सर ज्यू लोकांवर दोन शब्द बोलतील!” सरपंचांनी माईकवर सांगितलं आणि पालकसभेत टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत रिबेकाबाई होत्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यू. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला साठ लाख ज्यूंचा संहार, मुलांना कसा शिकवायचा याचं ट्रेनिंग मला त्यांनीच दिलं होतं. आज माझं सेशन बघायला त्या भोकरदनहून जीपने आल्या होत्या.

‘हिटलर सर’ हे नाव मला माझ्या छडीमुळे पडलं होतं. खरं सांगतो, मला ते आवडायचं. एका बॅचने त्याच नावाची ट्रॉफी दिली होती. ती मी रोज पुसायचो.

मी सुरुवात केली. म्हणालो, ज्यूंना मारायच्या छावण्या नंतर आल्या. आधी अफवा आल्या, मग ज्यू मुलांना शाळांतून काढलं. “काढणारे माझ्यासारखेच शिस्तीचे मास्तर होते,” एवढं म्हणालो, तोच मागून गजानन उठला. माझा जुना विद्यार्थी. आता टायरचं दुकान, मुलगी नववीत.

“सर, ज्यूंनी जर्मनीचा सगळा पैसा दाबून ठेवल्ता, असं तुम्हीच शिकवल्तं की! म्या पोरीला बी तेच सांगून राह्यलो.”

“ते खोटं होतं, गजानन. पुस्तकात नव्हतंच. माझ्या गुरुजींनी मला सांगितलं, मी न तपासता तुम्हाला.”

“पण त्याचे चार मार्क दिल्ते तुम्ही मला!”

सभा खदखदली. एक आजी ओरडल्या, “घ्या वापस, मास्तर! गज्या तसा बी नापासच व्हता!”

मलाही हसू आवरेना. रिबेकाबाई डोळे पुसत उठल्या. “मार्क राहू द्या. उत्तर बदला. दोघांनीही.”

दुसऱ्या दिवशी गजानन खरंच त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर नव्याने लिहायला नववीच्या वर्गात आला. मुलीच्या बाकात गुडघे कोंबून बसला.

“पप्पा, माझ्यात न्हाई बघायचं,” तिने वही झाकली.

त्याने लिहिलं, ‘ज्यूंनी कायबी केलं नव्हतं. आमच्या सरांना माहीत नव्हतं.’ दुसऱ्या वाक्यावर बरोबरची खूण करताना माझा हात अडला. पण केली. शुद्धलेखनाचा एक मार्क कापला.

ट्रॉफी भंगारात गेली. मुलं आता मला ‘माफी सर’ म्हणतात आणि गृहपाठ करत नाहीत.

चुकीचं शिकवलं असेल, तर विद्यार्थी गावात आहेत तोवर सुधारावं. माझे निम्मे पुण्याला गेलेत.