अण्णांची रिकामी फळी

ज्या माणसाशी माझं पहिल्याच दिवशी लगेजवरून भांडण झालं, तो माणूस जाऊन आज वर्ष झालं.

अण्णा. ईट गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल.
मी एसटीत कंडक्टर. धाराशिव-भूम-ईट ही माझी नेहमीची ड्यूटी.

महिन्यातून एकदा अण्णा जिल्ह्याच्या एका सरकारी ऑफिसातून हा एवढा गठ्ठा घेऊन गाडीत चढायचे. राजपत्रं, योजनांच्या पुस्तिका, जिल्ह्याच्या आकडेवारीची पुस्तकं. वरून सुतळी आवळलेली.
(ऑफिसचं नाव लिहीत नाही. रूट माझा तोच आहे.)

मी म्हटलं, "आजोबा, लगेज लागेल."

"लागू दे की. पण ह्ये सामान माझं न्हाय, सरकारचं हाय. लगेज त्यांच्याकडनं घे."

गाडी हसली. माझं डोकं तापलं. नवीन नोकरी, नवा युनिफॉर्म, मी काय ऐकते! भूम येईपर्यंत आमची जुंपली होती.

शेवटी त्यांनी लगेज दिलं. वर गठ्ठ्यातली एक पुस्तिका काढून माझ्या हातात ठेवली. बायकांसाठीच्या योजनांची.

"वाच. तुझ्यासाठीच छापलीय. आजवर तुला कुणी दिली का?"

नव्हती दिली.

मग ओळख वाढली. गठ्ठा ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर, अण्णा पहिल्या सीटवर, आणि गाडीभर त्यांचं प्रवचन. सरकार छापतं ते लोकांच्या पैशातून. म्हणून ते गावोगावच्या वाचनालयात पोचवणं हे ऑफिसचं काम आहे, उपकार नाही.

मी मुद्दाम खोडी काढायची. "अण्णा, आता सगळं मोबाइलवर असतंय की."

"मोबाइल तुझा, रिचार्ज तुझा. सरकारचा कागद बघायला म्हातारीनं रिचार्ज का मारायचा गं?"

मग मी उगाच बेल मारायची.

एका महिन्यात अण्णा तापानं पडले. ऑफिसात जाणं झालं नाही. त्यांना वाटलं, आपण गेलो नाही तर नियमाप्रमाणं गठ्ठा पोस्टानं येईल.
आला नाही.

पुढच्या महिन्यात ते ऑफिसात गेले आणि परतीला रिकाम्या हातानं गाडीत चढले.

"अण्णा, गठ्ठा?"

"ठिवून आलो."

अर्ध्या रस्त्यात हळूच म्हणाले,

"क्लार्क लई चांगला माणूस. चहा पाजला. म्हणला, अण्णा, तुम्ही दर महिन्याला येताच, म्हणून ईटला पाठवायचं आम्ही बंदच केलं. आता बाकीच्या वाचनालयांना बी सांगतोय, अण्णांसारखं येऊन घेऊन जावा."

मग आपले रिकामे हात पुढं करून म्हणाले,

"म्या इमानदारीनं हमाली केली पोरी, अन् त्येंची सवय मोडली. माझ्यापायी बाकीच्या गावांचं बी बंद व्हायलंय."

त्या दिवसापासून अण्णा गठ्ठा आणायला गेले नाहीत. अर्ज केले, फोन केले, साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिले. पण गठ्ठा हातात घेतला नाही.

वाचनालयात दाराजवळची एक फळी त्यांनी मोकळी केली. तिथं कुणी हेल्मेट ठेवलं, डबा ठेवला, की उचलून बाहेर.
"ती जागा रिकामी न्हाय. सामान यायचं हाय."

एकदा गावातले एक मास्तर हौसेनं ऑफिसातून गठ्ठा घेऊन आले.
अण्णांनी विचारलं, "आणायला कोण गेलतं?"
"मीच की."
"मग जावा, परत ठिवून या."
मास्तर बरेच दिवस बोलत नव्हते.

लोक म्हणायचे, सुंभ जळेल पण म्हाताऱ्याचा पीळ जायचा नाही. मीही त्यात होते.

पण रिकामी फळी रोज डोळ्यांपुढं असली की माणूस विचारतोच. गावातल्या बायका विचारायला लागल्या, अण्णा, इथं काय येणार होतं? अण्णा एकेकीला बसवून सांगायचे.

मागच्या वर्षी ते धाराशिवच्या दवाखान्यात होते. ड्यूटी संपवून मी भेटायला गेले. हाताला सलाइन, आणि पहिला प्रश्न, "आला का गं गठ्ठा?"

ऑफिस तिथून जवळ. मी म्हटलं, "अण्णा, मी आत्ता जाऊन आणते. माझ्याच गाडीनं ईटला पोचवते. तुम्ही निवांत व्हा."

"न्हाय."

"अहो अण्णा..."

"तू आणलास की त्ये ऑफिसवाले बी निवांत. आज तू हायस. उद्या तुझी बदली झाली तर?"

इतका राग आला मला! अशा वेळी माणसानं एवढं हट्टी असावं का? बाहेर येऊन स्टँडवर रडून घेतलं.

थोड्याच दिवसांत अण्णा गेले. फळी रिकामीच होती.

मग ग्रामसभेत त्याच बायकांनी विषय लावून धरला. ठराव झाला. अण्णांची सून रेखा आता वाचनालय बघते, तिनं ऑफिसची पाठ सोडली नाही. आसपासच्या गावांची वाचनालयंही मागं लागली.

परवा रेखाचा फोन आला.

"ताई, गठ्ठा आला."

माझ्या तोंडातून अण्णांचाच प्रश्न निघाला.

"आणायला कोण गेलतं?"

"कुणीच न्हाय ताई. पोस्टमन देऊन गेला. बाकीच्या गावांना बी आलाय म्हणे."

दोघी फोनवर नुसत्या रडलो.

आज सुट्टी काढून ईटला आले आहे. रेखानं गठ्ठ्याची सुतळी माझ्यासाठी तशीच ठेवली होती. मी सोडली. फळी भरली.

अण्णा, तुमचं सामान पोचलं.
लगेज या वेळी सरकारनंच भरलं.

आता खरंच निवांत व्हा. तुमच्या कंडक्टरपोरीचा नमस्कार. 🙏