मामांची जेलातली पंगत

"साहेब, ही दाळ चाखू नका! आजची दाळ तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही!"

कैद्यांच्या पंगतीतून एक नागपूरकडचा दाढीवाला उठून ओरडून राहिला होता. मोठे साहेब पाहणीला आले की कैद्यांनी माना खाली घालून बसायचं, साहेबांनी झाकून आणलेल्या थाळीतली दाळ चाखायची, 'छान' म्हणायचं आणि निघायचं, असा जेलाचा रिवाज. मध्येच उठणाऱ्याला अंधारकोठडी. शिपाई त्याला ओढायला धावलेच.

ते मोठे साहेब म्हणजे माझे सख्खे मामा. लढाई पेटली होती, आमच्या फॅक्टरीत बनणाऱ्या लष्करी ट्रकांच्या ताडपत्र्या जेलात शिवल्या जायच्या आणि त्या तपासायला मी तिथे गेलो होतो. मामा साधे फौजदार होते तेव्हासुद्धा त्यांच्या मिशा पाहून तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदा दोन हात मागे सरायची. दरोडेखोर पकडता पकडता ते इतके वर चढले, की शेवटी सरकारने प्रांतातले सगळे तुरुंगच त्यांच्या देखरेखीखाली दिले. "तुम्हीच भरले, आता तुम्हीच सांभाळा," मामी म्हणायची.

"माझ्यावर विश्वास नसेल तर यांनाच विचारा!" शिपायांच्या तावडीतून मामांकडे बोट दाखवत दाढीवाला ओरडला. "यांनीच पकडलं होतं मला. बोललो का मी खोटं कधी?"



मामांनी त्याला निरखून पाहिलं. "सोडा त्याला. चोर आहे, पण पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला होता."

थाळीला हात न लावता त्यांनी जीप परत पाठवली आणि कडुलिंबाखाली खुर्ची टाकली.

"मामा, जीप काहून पाठवली? घरी मामी वाट पाहून राहिली असेल."

"संध्याकाळी इथेच जेवतो."

हे ऐकून जेलरला असा घाम फुटला, की माझ्या ताडपत्र्यांची पावसाळी परीक्षा तिथेच झाली असती. भांडारातली दाळ सकाळच्या देखाव्यातच संपली होती. संध्याकाळी जे आलं ते काय सांगू! भेडाघाटला नर्मदेचा तळ कुणाला दिसला नाही, इथे दाळीच्या पाण्यातून थाळीचा लख्ख दिसत होता. मामा दाढीवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि थाळी पुसून जेवले. एवढा उंच माणूस असा जमिनीवर बसला, तर मलाच उभं राहायची लाज वाटली. माझी टोपी आपोआप हातात आली.

हात धुऊन मामा जेलरला म्हणाले, "उद्यापासून भांडाराची किल्ली याच्याकडे. आणि हा अंधारकोठडीत दिसला, तर मी रोज इथे जेवायला येईन."

"जी साहेब... पण चोराच्या हाती भांडार?"

"हा निदान ओळखीचा आहे."